इनबोर्ड बोटीच्या कार्ब्युरेटरची सेकंडरी: बिघाड कसा शोधायचा, स्प्रिंग कशी जुळवायची

बोट लगेच सुरू होते, स्लोला शांत चालते, धक्क्यापासून सुटताना काही तक्रार नसते. पण हँडल शेवटपर्यंत पुढे लोटलं की इंजिन एका आकड्यावर जाऊन अडतं आणि पुढे चढतच नाही. किंवा एकदम रेस दिली की क्षणभर गुदमरतं, मग सावरतं. इंजिन आत बसवलेल्या जुन्या इनबोर्ड स्की-बोटींमध्ये या दोन तक्रारी सतत ऐकू येतात आणि दोन्हींचं खापर बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या सेकंडरीवर, म्हणजे जोराची गरज पडली की उघडणाऱ्या मागच्या दोन नळ्यांवर, फोडलं जातं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. खरं काय ते स्वतः कसं तपासायचं आणि दोष सेकंडरीचाच निघाला तर ती कशी दुरुस्त करायची, हे इथे सांगतो.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, तिथल्या तळ्यांवर १९८०-९०च्या दशकातली व्ही-८ पेट्रोल इंजिनाची बोट घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. आपल्या कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बोटी डिझेलवर चालतात. त्यांना कार्ब्युरेटरच नसतो, त्यामुळे तिकडचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. त्या काळातल्या फोर्ड ३५१ किंवा शेव्हरोले ३५० इंजिनांवर बऱ्याचदा होली ४१६० हा चार नळ्यांचा, ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) क्षमतेचा मरीन कार्ब्युरेटर असतो. पुढचं सगळं त्याला धरून आहे. क्वाड्राजेट आणि एडलब्रॉक या दुसऱ्या कार्ब्युरेटरांचं तंत्र वेगळं आहे, त्यांच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

सेकंडरी उघडते कशाने?

चार नळ्यांपैकी पुढच्या दोन प्रायमरी, मागच्या दोन सेकंडरी. तुमच्या हातातल्या हँडलची केबल फक्त प्रायमरीच्या झडपा उघडते. सेकंडरीच्या झडपांना केबल नाही. त्यांच्या दांड्याला एक उभी सळई जोडलेली असते, ती वर एका गोल डबीत जाते आणि त्या डबीत रबरी डायफ्रॅम (पातळ पडदा) व त्यावर एक स्प्रिंग असते. ही डबी हँडलच्या, म्हणजे थ्रॉटलच्या, केबलच्या विरुद्ध बाजूला, चोकच्या काळ्या डबीच्या मागे दिसेल.

प्रायमरीच्या नळीत जिथे वाट अरुंद होते तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या जागी असलेल्या बारीक छिद्रातून हा व्हॅक्यूम डबीपर्यंत पोहोचतो, डायफ्रॅम स्प्रिंगला दाबत वर ओढला जातो आणि सेकंडरी उघडते. थोडक्यात, इंजिन खरोखर जास्त हवा ओढू लागलं तरच सेकंडरी उघडणार. म्हणून न्यूट्रलमध्ये रेस देऊन सेकंडरी उघडते का ते बघू नका. इंजिनावर भार नसला की हवेची गरजच कमी असते, सेकंडरी बंदच राहते. अंगणात पाण्याची नळी लावून इंजिन चालवणारे कितीतरी लोक ही बंद सेकंडरी बघून चांगला कार्ब्युरेटर उघडून बसतात. ही तपासणी पाण्यावरच करावी लागते, पूर्ण वेगात.

प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये एक जोडदांडीही असते, पण ती सेकंडरी उघडत नाही. तुम्ही हँडल मागे घेतलं की ती सेकंडरीला जबरदस्तीने बंद करते, आणि प्रायमरी पुरेशी उघडलेली नसेल तर सेकंडरीला उघडू देत नाही. सुरक्षिततेसाठी केलेली ही सोय आहे, तिच्याशी खेळू नये.

पान्याला हात लावण्याआधी थोडी आकडेमोड

हा भाग वगळू नका. तुमच्या इंजिनाला किती हवा लागते हे एकदा कळलं की निम्म्या शंका मिटतात. घन इंचातली क्षमता गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. जे उत्तर येईल त्याला ०.८५ ने गुणा, कारण साधं इंजिन आपले सिलिंडर शंभर टक्के भरत नाही.

फोर्ड ३५१ घ्या (नावातला आकडा हीच घन इंचातली क्षमता), ४४०० आरपीएमला. उत्तर येतं सुमारे ३८० सीएफएम. शेव्हरोले ३५० ला ४८०० आरपीएमवर सुमारे ४१३. कार्ब्युरेटर ६०० चा आहे. त्यातल्या प्रायमरीच्या वाट्याला निम्म्याहून थोडं कमीच येतं, कारण ४१६० मध्ये प्रायमरीचा अरुंद भाग सव्वा इंचाचा आणि सेकंडरीचा त्याहून किंचित मोठा असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सेकंडरी अजिबात उघडली नाही तर प्रायमरी एकट्याने ३८० पुरवू शकत नाही आणि वरची ताकद जाते. दोन, सेकंडरी पूर्ण उघडण्याची या इंजिनाला गरजच नाही. अर्धवट उघडली तरी काम भागतं. नवख्या माणसाला सेकंडरी पूर्ण उघडलेली बघायची हौस असते आणि त्यासाठी तो हलक्यात हलकी स्प्रिंग बसवतो. त्यामुळे इंजिन गुदमरायला लागतं आणि वेग एका मैलानेही वाढत नाही. माझं सांगणं एवढंच: सेकंडरी किती उघडते यापेक्षा ती हलते का, आणि हलताना इंजिन अडखळतं का, हे बघा.

पेट्रोल आणि बंद कप्पा

मोटारीखाली सांडलेलं पेट्रोल रस्त्यावर उडून जातं. बोटीत त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाच्या बिल्जमध्ये साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीने बोट उडू शकते. म्हणून पुढच्या गोष्टी मी दरवेळी करतो आणि तुम्हीही कराव्यात असं कळकळीने सांगतो.

इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (कप्प्यातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, मग झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवायची नाही. काम करताना बॅटरीची तार काढून ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू द्या, कप्प्याच्या तळाशी नको. कार्ब्युरेटरवरची जाळीदार टोपी, म्हणजे फ्लेम अरेस्टर, काढून इंजिन कधीच चालवू नका. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली) सोडून इतर पेट्रोल इंजिनांवर ही सोय असणं अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमाने सक्तीचं आहे. बॅकफायरची (कार्ब्युरेटरमधून उलट बाहेर येणारी) ज्वाला कप्प्यात जाऊ न देणं हे तिचं काम.

त्याच कारणाने मोटारीचा कार्ब्युरेटर बोटीवर लावू नका, कितीही स्वस्त मिळाला आणि दिसायला सारखा असला तरी. मरीन कार्ब्युरेटरच्या वरच्या श्वासनळ्या वाकवून आतल्या बाजूला वळवलेल्या असतात. फ्लोट (कार्ब्युरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकून पेट्रोल उतू गेलं तर ते इंजिनाच्या घशात पडतं, बाहेर नाही. तटरक्षक दलाच्या नियमानुसार फ्लोटची झडप उघडी राहिली तरी ३० सेकंदांत ५ घन सेंटिमीटरपेक्षा जास्त पेट्रोल बाहेर गळता कामा नये. मोटारीचा कार्ब्युरेटर यात बसत नाही. गॅस्केट आणि डायफ्रॅमचे संचही मरीन म्हणून विकले जाणारेच घ्या.

दोष सेकंडरीचाच आहे का?

इंजिन वर चढत नाही याची कारणं अनेक असतात आणि बहुतेक कार्ब्युरेटरच्या बाहेर असतात. मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो.

सगळ्यात आधी केबल. इंजिन बंद, फ्लेम अरेस्टर काढलेला. एकाने हँडल शेवटपर्यंत पुढे करायचं, दुसऱ्याने कार्ब्युरेटरच्या नळीत बघायचं. प्रायमरीच्या झडपा अगदी उभ्या झाल्या पाहिजेत. ताणलेल्या किंवा चुकीच्या छिद्रात जोडलेल्या केबलमुळे तीनचतुर्थांशच उघडणारे थ्रॉटल खूप सापडतात. तपासताना चोकची पट्टीही बघा: गरम इंजिनावर ती पूर्ण उभी हवी.

दुसरं, टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा. जुन्या डॅशवरचा काटा दोन-तीनशे आरपीएम सहज खोटं बोलतो. हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर उसना आणा आणि खरा आकडा बघा. तुमच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर किती आरपीएम हवेत ते त्याच्या पुस्तिकेत असतं. बऱ्याच इंजिनांना ४४०० च्या आसपास, काहींना ४८०० पर्यंत.

मग पाण्यातला पंखा (प्रोपेलर). आधीच्या मालकाने जास्त पिचचा (पात्यांना जास्त पीळ असलेला) पंखा लावला असेल तर कार्ब्युरेटर कितीही सुधारा, उपयोग नाही. पिचमधला एक इंच साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक करतो. वाकलेलं पातं, तळावर साचलेलं शेवाळ, फोममध्ये मुरलेलं पाणी यांनीही बोट जड होते.

त्यानंतर पेट्रोलची वाट: फिल्टर, टाकीची श्वासनळी आणि टाकीतून पेट्रोल बाहेर निघतं तिथली अँटी-सायफन झडप (नळी तुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारी). ही झडप छोटी असते, तिच्यातली गोळी गंजून अर्धवट अडकते आणि पूर्ण वेगातच पेट्रोल कमी पडतं. लक्षण सेकंडरी न उघडण्यासारखंच दिसतं, पण ओळखायची खूण आहे. पेट्रोल कमी पडत असेल तर बोट आधी जोरात जाते आणि काही सेकंदांनी मरगळते, कारण कार्ब्युरेटरच्या वाट्यांमधला पेट्रोलचा साठा संपतो. सेकंडरी उघडत नसेल तर पहिल्या क्षणापासूनच ताकद नसते. इंजिनावरच्या इंधन पंपाला पारदर्शक नळी असेल तर तिच्यात पेट्रोल दिसतं का ते बघा. दिसलं तर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय, तो आधी बदला.

शेवटी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकली की आरपीएम वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही. टायमिंग लाइट लावून पाच मिनिटांत कळतं.

पेपरक्लिपची चाचणी

एवढं सगळं ठीक असेल तर आता सेकंडरीकडे वळायचं. साधन फक्त एक पेपरक्लिप.

इंजिन बंद असताना डायफ्रॅमच्या सळईवर क्लिप घट्ट अडकवा आणि वर सरकवून डबीच्या बुडाला टेकवा. क्लिप सैल नको, नाहीतर थरथरीनेच खाली येईल. फ्लेम अरेस्टर जागेवर, इंजिनाचं झाकण बंद. मोकळ्या पाण्यात जाऊन बोट चढवा (वेगाने पाण्यावर उचलली जाऊ द्या) आणि पूर्ण थ्रॉटलवर अर्धा-एक मिनिट चालवा. मग थांबून, इंजिन बंद करून, झाकण उघडा. सळई वर गेली असेल तर डबीच्या बुडाने क्लिप खाली ढकललेली असेल. जितकी खाली, तितकी सेकंडरी उघडली.

काही जण झाकण उघडं ठेवून, चालत्या इंजिनावर वाकून सळईकडे बघतात. फिरत्या बेल्टवर, उसळणाऱ्या बोटीत वाकणं मला मान्य नाही आणि क्लिपमुळे त्याची गरजही उरत नाही. चाचणीच्या वेळी मागच्या फळीवर कुणी बसलेलं नको, कारण एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो.

क्लिपला जोड म्हणून व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरखालच्या, सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीला) जोडता आलं तर उत्तम. पूर्ण थ्रॉटलवर गेज शून्याच्या जवळ, एक-दीड इंचांच्या आत असायला हवं. अडीच-तीन इंच दाखवत असेल तर इंजिनाला हवा कमी पडतेय. वर केलेली आकडेमोडही हेच सांगते: ३८० सीएफएम फक्त प्रायमरीतून ओढायचे झाले तर व्हॅक्यूम तेवढा चढतो.

आता क्लिपचे तीन निकाल संभवतात. जागची हलली नाही, अर्धी आली, किंवा पूर्ण आली. अर्धी आली, इंजिन पुस्तिकेतल्या आरपीएमला पोहोचतंय आणि गुदमरत नाही, तर हात जोडून काम थांबवा. सेकंडरी व्यवस्थित आहे.

क्लिप हललीच नाही

प्रथम झडपा हाताने हलवून बघा. प्रायमरी उघडी धरा, कारण ती बंद असली तर जोडदांडी सेकंडरीला हलू देणार नाही. मग सेकंडरीचा लिव्हर बोटाने उघडा. तो गुळगुळीत उघडून स्प्रिंगच्या जोराने परत मिटला पाहिजे. पहिल्याच मिलिमीटरला कटकन सुटल्यासारखं वाटलं, तर झडपा नळीच्या भिंतीत रुतलेल्या आहेत.

याचं कारण बहुधा सेकंडरीचा स्टॉप स्क्रू. झडपा पूर्ण मिटून भिंतीत रुतू नयेत म्हणून तो त्यांना केसभर उघडं ठेवतो. तो बहुतेक कार्ब्युरेटरांत खालच्या बाजूने असतो, म्हणून कार्ब्युरेटर उतरवावा लागतो. स्क्रू मागे घेऊन झडपा पूर्ण मिटू द्या, मग पुढे फिरवत लिव्हरला नुसता टेकवा, आणि तिथून पाव ते अर्धा फेरा आणखी. याहून जास्त दिला तर स्लो स्पीड खाली उतरणार नाही. कार्ब्युरेटर परत बसवताना बुडाचे नट आलटून-पालटून, बेताने आवळा. जोर लावला की बूड वाकतं आणि झडपांचा दांडा जाम होतो.

झडपा मोकळ्या असतील तर डायफ्रॅम. सळईच्या खालच्या टोकाची बारीक क्लिप काढा, डबीचे तीन स्क्रू सोडवा, डबी हातात येईल. तिच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूमचं एक छिद्र आहे. सळई वर दाबा, छिद्रावर बोट घट्ट ठेवा, सळई सोडा. डायफ्रॅम चांगला असेल तर सळई वरच अडकून राहील, किंवा अगदी सावकाश उतरेल. झरकन खाली आली तर डायफ्रॅम फाटलाय किंवा झाकणाची कड हवा घेतेय.

नवा डायफ्रॅम बसवताना त्याच्या कोपऱ्यातलं छोटं छिद्र डबीच्या व्हॅक्यूमच्या वाटेवर नेमकं यायला हवं. उलटा बसवला तर वाटच बंद होते आणि नवा डायफ्रॅमही चालत नाही. सुरकुती न पाडता सपाट पसरून मग झाकणाचे चार स्क्रू आवळा. डबीच्या वाटेत एक बारीक गोळी असू शकते, झाकण काढताना ती सांभाळा. ही गोळी सेकंडरीला सावकाश उघडू देते आणि झटकन मिटू देते. रबरावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारू नका, ते कडक होतं.

डायफ्रॅम ठीक असूनही सेकंडरी हलत नसेल, तर डबी आणि कार्ब्युरेटरची बॉडी यांच्यामधलं छिद्राभोवतीचं इवलंसं गॅस्केट बघा. ते हरवलेलं, तुटलेलं किंवा मागच्या मेकॅनिकने लावायलाच विसरलेलं सापडतं. माझ्या मते सेकंडरीच्या बिघाडांत सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. शेवटी नळीतलं व्हॅक्यूमचं छिद्र काजळीने बुजलंय का, ते दाबाची हवा मारून बघा. डोळ्यांवर चष्मा लावूनच.

क्लिप हलते, पण इंजिन गुदमरतं

इथे घाईने स्प्रिंगला दोष देऊ नका. आधी अ‍ॅक्सिलरेटर पंप (हँडल लोटताच जादा पेट्रोल उडवणारा कार्ब्युरेटरमधला छोटा पंप) बघा. इंजिन बंद, फ्लेम अरेस्टर काढून, हँडल किंचित हलवा. त्याच क्षणी पेट्रोलच्या दोन धारा प्रायमरीत उडाल्या पाहिजेत. उशिरा आल्या किंवा एकच आली तर गुदमरण्याचं कारण सापडलं. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत दाबून धरला तर त्याच्या आणि दांडीच्या मध्ये ०.०१५ इंचाची फट हवी. ती फीलर गेजने मोजा.

गुदमरणं कुठे होतं हेही नीट ऐका. थांबलेल्या बोटीतून हँडल पुढे केल्याबरोबर असेल तर पंप. बोट चढताना, मधल्या आरपीएमला, एक खोल श्वास घेतल्यासारखं थांबून मग उचलत असेल तर सेकंडरी वेळेआधी उघडतेय. सेकंडरीच्या बाजूला या कार्ब्युरेटरला पंप नाही. ती एकदम उघडली तर हवा लगेच शिरते, पेट्रोल मागून येतं आणि मधल्या क्षणी मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं.

स्प्रिंग बदलणं

होलीच्या स्प्रिंगा रंगाने ओळखतात. हलकीपासून जडपर्यंत क्रम असा: पांढरी, आखूड पिवळी, पिवळी, जांभळी, बिनरंगी, तपकिरी, काळी. पांढरी सर्वांत लवकर उघडू देते, काळी सर्वांत उशिरा. सगळ्या स्प्रिंगांचा संच एकत्र मिळतो, सुटी विकत घेत बसू नका. त्याच वेळी झटपट बदलण्याचं वेगळं झाकणही घ्या. मूळ झाकणाचे खालचे स्क्रू कार्ब्युरेटर बसलेला असताना हाताला लागत नाहीत. नव्या झाकणात फक्त वरचा भाग उघडून स्प्रिंग काढता-घालता येते, पाण्यावर तरंगत असतानाही. स्प्रिंग बिल्जमध्ये पडू नये म्हणून खाली कापड अंथरा.

आधी आत कोणत्या रंगाची स्प्रिंग आहे ते बघा आणि लिहून ठेवा. रंग उडालेला असेल तर संचातल्या स्प्रिंगांशी बोटाने दाबून ताडून बघा. सुरुवात जांभळी किंवा बिनरंगीने करा. पूर्ण थ्रॉटलची धाव घ्या, क्लिप बघा, वेग जीपीएसवर बघा. गुदमरलं नाही तर एक पायरी हलकी लावा आणि तीच धाव, त्याच दिशेने, तेवढीच माणसं आणि तेवढंच पेट्रोल घेऊन. वारा बदलला तर दोन्ही दिशांची सरासरी घ्या. ज्या स्प्रिंगला पहिल्यांदा अडखळणं जाणवेल, तिच्याहून एक पायरी जड ती तुमची स्प्रिंग.

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) आणि टायमिंग एकाच दुपारी बदललं तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

स्कीअर ओढायचे असतील तर चाचणीही दोरीला माणूस बांधून करा. रिकाम्या बोटीत सुरेख वाटणारी स्प्रिंग खोल पाण्यातून माणूस उचलताना गुदमरू शकते. मी अशा वेळी वरच्या अर्ध्या मैलाचा वेग सोडून जड स्प्रिंग पसंत करतो. पाण्यात दोरी धरून बसलेल्या माणसाला इंजिनाने एका दमात उचललं पाहिजे.

सेकंडरी उघडते, पण तिच्यातून पेट्रोल येतं का?

हा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत आणि इंजिनाचं खरं नुकसान इथेच होतं. बोटीचं इंजिन म्हणजे अख्खा दिवस खंबाटकीचा घाट चढणारी गाडी. त्याला उतार नाही, सपाटी नाही. सेकंडरीतून हवा आली आणि पेट्रोल कमी आलं तर पूर्ण वेगात पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळतात.

४१६० च्या सेकंडरीत बदलता येणारे जेट नसतात, बारीक छिद्रांची एक धातूची पट्टी असते. बोट सदा सावकाश चालवली, मग महिनोन् महिने उभी ठेवली, की मागच्या वाटीतलं पेट्रोल आटून त्याचा चिकट थर या छिद्रांत बसतो. वाटी उघडा, पट्टी काढून क्लीनरने धुवा आणि हवा मारा. तार घालून छिद्र मोठं करू नका. दोन वाट्यांना जोडणाऱ्या नळीच्या टोकाचे रबरी ओ-रिंग प्रत्येक वेळी नवे घाला, ते गळले तर पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर येतं.

मग फ्लोट. वाटीच्या बाजूला बघण्याचा स्क्रू असेल तर पाण्यावर, धक्क्याला बांधलेल्या बोटीत हे काम करा. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा. खाली कापड धरून स्क्रू सावकाश काढा. पेट्रोल छिद्राच्या खालच्या काठाला नुसतं टेकलेलं हवं, बोट हलवली की एखादा थेंब येईल इतपत. सेकंडरीची पातळी याहून किंचित खाली चालते. वरचा लॉक स्क्रू सैल करून ५/८ इंचाच्या पान्याने नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की पातळी उतरते, उलट फिरवला की चढते. एका वेळी नटाची एकच कड फिरवा, स्क्रू लावा, ब्लोअर, इंजिन, पुन्हा बघा. काही मरीन वाट्यांना बाहेरून फिरवायची सोयच नसते, त्यांचा फ्लोट वाटी काढून लावावा लागतो. इंधन पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआयच्या बाहेर नको.

हे सगळं झाल्यावर स्पार्क प्लग काढून वाचा. त्यासाठी पूर्ण थ्रॉटलची एक धाव घेऊन बोट न्यूट्रलला आणा आणि लगेच इंजिन बंद करा. मागची लाट फळीवरून आत येणार नाही एवढं बघा. प्लगचं पोर्सेलीन पांढरंफटक, फोड आल्यासारखं दिसलं तर मिश्रण पातळ आहे. ती बोट पेट्रोलची वाट सापडेपर्यंत पूर्ण वेगात चालवू नका. काळी मऊ काजळी म्हणजे जास्त पेट्रोल. पातळ आणि जाड यांत चूक करायचीच असेल तर बोटीत नेहमी जाडच्या बाजूने करा.

जे करू नये

जोडदांडीच्या खाचेत स्क्रू घालून सेकंडरी थेट केबलने उघडणारी करण्याची एक युक्ती फिरत असते. मागच्या बाजूला पंप नसल्याने इंजिन प्रत्येक वेळी गुदमरतं. डबीतली गोळी काढून टाकणंही तसंच. स्प्रिंग कापून लहान करणं हा तर वेळेचा अपव्यय, नवी स्प्रिंग फार महाग नाही.

पेट्रोल भरताना पंपावरचा आकडा बघा. ई१५ (१५ टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) बोटीत घालायला अमेरिकेत मनाई आहे. ई१० चालतं, पण जुनं रबर ते सहन करत नाही आणि ते पाणी ओढतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल जवळ मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या.

सॅन फ्रान्सिस्को खाडी-परिसरातली मराठी मंडळी बोट घेऊन लेक ताहोला जातात. ते पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२५ फूट उंच आहे. तिथे हवा विरळ असल्याने आरपीएम कमी येईल आणि सेकंडरीही कमी उघडेल. तो बिघाड नव्हे, इंजिन ओढतंय तेवढीच हवा ती देतेय. कायम तिथेच चालवणार असाल तर दर २००० फुटांना प्रायमरी जेटचा एक आकडा कमी करतात आणि पंखा कमी पिचचा लावतात. एका शनिवार-रविवारसाठी जेटला हात लावू नका. खाली परतल्यावर तोच लहान जेट इंजिन जाळेल.

राहिले दुसरे कार्ब्युरेटर. रॉचेस्टर क्वाड्राजेटच्या सेकंडरी मागे ठळक मोठ्या असतात. त्यांच्या झडपा केबलनेच उघडतात, हवेवर ताबा असतो तो वरच्या पट्टीचा, आणि इंजिन गरम होईपर्यंत चोकची कडी त्यांना रोखून धरते. ती कडी अडकली तर लक्षण अगदी आपल्या पेपरक्लिप न हलल्यासारखं. एडलब्रॉकच्या बऱ्याच कार्ब्युरेटरांत वरची झडप वजनाने तोललेली असते, तिथे तिला स्प्रिंग नाहीच. या दोन्हींना पेपरक्लिप आणि रंगीत स्प्रिंगा लागू नाहीत. म्हणून कार्ब्युरेटरवर ठोकलेला लिस्ट नंबर आधी वाचा आणि त्याच नंबरचा डायफ्रॅम, गॅस्केट व पट्टी मागवा.